अर्धवट हिंसा

धान्य पिकविणाराचें कौतुक सर्व देशांच्या वाङ्मयांत आढळतें. धान्य राखणाराचें कौतुक मात्र फारसें कोणी करीत नाहीं. नांगर, बैल, पाऊस आणि खळें यांवर काव्यें झालीं. कोठी, कणगी आणि पेंव यांच्या वांट्यास तो मान क्वचितच आला. तथापि विचार करूं गेल्यास असें दिसेल कीं, पिकविणें हें वर्षांतून चार-सहा महिन्यांचें काम आहे, राखणें हें बाराही महिन्यांचें आहे. शिवाय पिकविण्यांत मनुष्यास निसर्गाचें साहाय्य तरी असतें. राखण्यांत निसर्ग बहुधा विरुद्ध पक्षास मिळालेला असतो. उंदीर, बुरशी आणि कीड हे त्या पक्षाचे तीन सेनापति होत. यांपैकीं किडीचा विचार येथें करावयाचा आहे. आणि तो शेतकी खात्याच्या पत्रकाप्रमाणें केवळ उपायांची यादी देण्यासाठीं नव्हे, तर त्या उपायांच्या पोटीं दडलेला एक नैतिक प्रश्न वाचकांपुढें मांडण्यासाठीं.

प्रस्तुत लेखक राहतो तें हडपसर या विचारास सोयीचें ठिकाण आहे. पुण्याच्या पूर्वेस, सोलापूरच्या रस्त्यावर वसलेलें हें एके काळचें खेडें. मुठेच्या कालव्याच्या पाण्यावर येथें मळे पिकत. आज त्या मळ्यांपैकीं पुष्कळांच्या जागीं कारखाने आणि मगरपट्ट्यासारख्या वसाहती उभ्या आहेत. शेत गेलें, खळें गेलें. परंतु उन्हाळ्यांत वर्षाचे गहू भरण्याची चाल अनेक घरांतून अजून गेलेली नाहीं. गुलटेकडीच्या भुसार बाजारांतून पोतीं येतात, आणि उंच इमारतींच्या गच्च्यांवर जुन्या लुगड्यांवर गहू वाळत पडलेले दिसतात. याच हडपसरच्या परिसरांत २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं यशवंतराव होळकरांनीं पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला, आणि पाठोपाठ १८०३-०४ सालीं दख्खनेंत भयंकर दुष्काळ पडला. अशा वर्षीं ज्याच्या पेंवांत धान्य शाबूत राहिलें तो जगला, ज्याचें किडलें तो मेला. कोठारांतील किडा ही क्षुल्लक बाब आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

प्रश्न असा आहे. धान्य राखावयाचें म्हणजे जीव मारावयाचे. एका पोत्यांतील किडे वेंचून काढतांना सात्त्विक वृत्तीची गृहिणी जितके जीव मारते, तितके एखादा शिकारी जन्मभरांत मारीत नसेल. मग या हिंसेचें समर्थन कोणत्या न्यायानें करावयाचें? आणि समर्थन होत असेल, तर ती कोणत्या साधनांनीं आणि कोणत्या मर्यादेंत करावयाची? या प्रश्नास बहुधा दोन उत्तरें मिळतात. एक म्हणतें, जीव तो जीव; मारूं नये. दुसरें म्हणतें, अन्न मनुष्याचें आहे. मिळेल त्या विषानें मारावें. माझ्या मतें खरा दोष या दोहोंच्या मधल्या एका तिसऱ्याच ठिकाणीं आहे. परंतु तेथें जाण्यापूर्वीं शत्रूची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे.

गव्हांत आणि तांदळांत आढळणारा सोंडकिडा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची मादी आपल्या सोंडेनें दाण्यास बारीक भोंक पाडते, त्यांत एक अंडें घालते, आणि एका चिकट द्रवानें तें भोंक अशा बेमालूमपणें बुजविते कीं, निवडणाराच्या डोळ्यांस दाणा अभंग दिसावा. अळी दाण्याच्या आंतच जन्मते, आंतच खाते, आंतच कोशांत जाते. उष्ण दिवसांत सुमारें महिन्याभरानें पूर्ण वाढलेला किडा दाणा पोखरून बाहेर पडतो. अशीं अंडीं एकेक मादी आपल्या आयुष्यांत तीनशेंपर्यंत घालते. कडधान्यांतील भुंगेरा तर पुष्कळदां शेतांतील शेंगेवरच अंडीं चिकटवून मळणीबरोबर घरांत येतो. पिठांतील तांबड्या भुंगेऱ्याच्या अंगांतून क्विनोन नांवाचीं उग्र द्रव्यें स्रवतात आणि पिठास तो ओळखीचा कडवट वास येतो. आणि खापरा नांवाच्या भुंगेऱ्याची अळी अन्न नसतांही भिंतीच्या फटींत सुप्तावस्थेंत वर्षानुवर्षें जिवंत राहूं शकते.

या माहितींत एक नैतिक बोध आहे. "गव्हांत किडे झाले" असें आपण म्हणतों, जणूं काय गव्हानेंच ते प्रसविले. इटलींतील फ्रान्चेस्को रेदी यानें १६६८ सालीं मांस झांकून ठेवून दाखविलें कीं, माशी बसल्यावांचून त्यांत अळ्या पडत नाहींत. त्या गोष्टीस साडेतीन शतकें लोटलीं, तरी आपली भाषा अद्याप स्वयंभू किड्यांची आहे. वस्तुतः किडा गेल्या वर्षीच्या न झाडलेल्या डब्यांतून येतो, न उकळलेल्या पोत्यांतून येतो, भिंतीच्या फटींतून येतो किंवा दाण्याच्या पोटांत बसून येतो. म्हणजे त्याच्या येण्यांत कोठें तरी कोणाची तरी उपेक्षा असतेच. "झाले" या अकर्मक क्रियापदानें ती उपेक्षा झांकली जाते, एवढेंच.

आतां साधनांकडे वळूं. आपल्या पूर्वजांचीं साधनें भोळीं होतीं असें मानणें हा नवशिक्षितांचा भ्रम, आणि तीं निरुपद्रवी होतीं असें मानणें हा जुन्याच्या अभिमान्यांचा भ्रम. ज्वारीस राख चोळून ठेवीत. किड्याच्या अंगावर मेणाचा सूक्ष्म लेप असतो आणि त्याच्या योगानें त्याच्या शरीरांतील ओलावा टिकतो. राखेच्या कणांनीं तो लेप खरवडला जातो आणि किडा वाळून मरतो. मराठींत 'रक्षा' या एका शब्दानें राख आणि राखण या दोन्ही वस्तूंचा बोध व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. डाळीस एरंडेल लावीत. तेलाच्या पुटामुळें अंडें दाण्यास धड चिकटत नाहीं, आणि चिकटलेंच तर आंतला जीव गुदमरतो. कडुनिंबाच्या पाल्यानें व निंबोळीनें किडा बिचकतो. निंबोळींतील ॲझाडिरॅक्टिन हें द्रव्य १९६८ सालीं वेगळें काढण्यांत आलें, आणि त्याची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली कीं, प्रयोगशाळेंत तें कृत्रिम रीतीनें तयार करण्यास २००७ साल उजाडावें लागलें.

या सर्वांत शास्त्रीय दृष्ट्या उत्तम साधन म्हणजे पेंव. जमिनींत खोल खड्डा घ्यावा, त्यास आंतून भुसकट-पेंढ्याचें अस्तर द्यावें, ज्वारी भरावी आणि तोंड मातीनें लिंपून टाकावें. धान्य श्वासोच्छ्वास करतें, बुरशी करते, किडाही करतो. थोड्याच दिवसांत आंतील प्राणवायु सरत जातो आणि कार्बनी वायु वाढतो. प्राणवायु दोन-तीन टक्क्यांवर उतरला म्हणजे किडा जगूं शकत नाहीं. येथें बाहेरून विष घालावें लागत नाहीं. परंतु म्हणून पेंव अहिंसक होतें असें मात्र नव्हे. उघडलेल्या पेंवांत घाईनें उतरलेला मनुष्य त्याच वायूनें बेशुद्ध पडून मरे. यासाठीं आधीं तोंड उघडें टाकून, दिवा सोडून पाहून, मग उतरण्याची चाल होती. आणि ज्या घरगुती 'औषधा'स कित्येक अजून सोज्ज्वळ समजतात, त्या पाऱ्याच्या गोळीची वाफ अंडीं मारते हें खरें. पण तोच पारा मनुष्याच्या मज्जासंस्थेस आणि मूत्रपिंडांस मारक आहे. जुनें म्हणून तें निर्दोष, हा न्याय येथें चालत नाहीं.

नव्या साधनांचा इतिहास हा कृतज्ञतेचा आणि पश्चात्तापाचा आळीपाळीनें चालणारा इतिहास आहे. पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें १९३९ सालीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें हीं द्रव्यें शरीराच्या चरबींत साठून राहतात असें कळलें. बी.एच.सी. या द्रव्यावर भारतांत १९९७ सालीं बंदी आली. घरगुती कोठ्यांसाठीं कांचेच्या लहान कुप्यांतून मिळणाऱ्या एथिलीन डायब्रोमाइडवर २००१ सालीं बंदी आली. मिथिल ब्रोमाइड हा धुरीचा वायु आकाशांतील ओझोनचा थर झिजवितो असें ठरल्यावर माँट्रियल कराराप्रमाणें प्रगत देशांनीं २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनीं २०१५ पर्यंत, जहाजी मालाच्या निर्जंतुकीकरणासारखे अपवाद सोडून, त्याचा वापर थांबवावयाचा होता. अन्न आणि विष शेजारीं ठेवल्यास काय होतें याचा दारुण धडा केरळांत १९५८ सालीं मिळाला. वाहतुकींत पॅराथिऑन हें कीटकनाशक सांडून दूषित झालेलें पीठ पोटांत गेल्यानें शंभराहून अधिक माणसें मेलीं. त्या प्रकरणाच्या चौकशीनंतरच १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला.

आज जगांतील गोदामांचा मुख्य आधार म्हणजे फॉस्फीन वायु. मनमाडसारख्या ठिकाणच्या प्रचंड सरकारी गोदामांतून, तसेंच १९५७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय व महाराष्ट्र राज्य वखार महामंडळांच्या वखारींतून ज्या प्रकारचें धान्य सांभाळलें जातें, त्याची राखण या वायूवर अवलंबून आहे. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या गोळीस हवेंतील ओलावा लागला कीं तिच्यांतून सुमारें एक ग्रॅम फॉस्फीन सुटतो आणि मागें ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडची पांढरी राख उरते. वायु पोत्यांच्या थप्पींत, दाण्यादाण्यांच्या फटींत शिरतो आणि किड्याच्या पेशींतील श्वसनक्रिया बंद पाडतो. धान्यांत मागें राहणारा अंश अल्प असतो. असें हें उत्तम साधन आहे. परंतु त्याची एक अट आहे, आणि तीच या निबंधाचा गाभा आहे.

ती अट म्हणजे पूर्णता. मोठा किडा आणि अळी यांचा श्वास जोरांत चालतो, म्हणून त्या लवकर मरतात. अंडें आणि कोश यांचा श्वास मंद असतो, म्हणून ते फार वेळ तग धरतात. यासाठीं थप्पी वायु न सुटेल अशा रीतीनें झांकून, ठरलेल्या प्रमाणांत गोळ्या घालून, सामान्यतः आठवडाभर अथवा त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागते. आवरण फाटकें असलें, गोळ्या काटकसरीनें घातल्या, किंवा गिऱ्हाइकाच्या घाईमुळें थप्पी दोन दिवसांत उघडली, तर दिसणारे किडे मेलेले आढळतात आणि मालक संतुष्ट होतो. पण अंडीं राहतात. आणि शिवाय जे थोडे किडे स्वभावतःच वायूस दाद देत नाहींत, ते वांचतात. पुढची प्रजा त्यांची. अशा दहा-वीस पिढ्या झाल्या म्हणजे विषास न जुमानणारी एक नवी सेना आपल्याच हातांनीं आपण तयार केलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें १९७२-७३ सालीं जगभर पाहणी केली, तेव्हां तपासलेल्या किड्यांच्या सुमारें दहांपैकीं एका समूहांत फॉस्फीनचा प्रतिकार आढळला. त्यानंतर तो वाढतच गेला आणि भारतांतील गोदामांतही दृढ झालेला दिसला. २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं या प्रतिकाराच्या मुळाशीं असलेल्या एका जनुकाचाही शोध लावला.

म्हणून मी म्हणतों कीं, कोठारांतील खरें पाप हिंसा हें नव्हे आणि अहिंसा हेंही नव्हे. तें पाप म्हणजे अर्धवट हिंसा. पूर्ण हिंसेस निदान तिच्या फळाचा आधार असतो: जीव गेले, परंतु अन्न राहिलें. अर्धवट हिंसेंत जीवही जातात, अन्नही जातें, आणि जें अस्त्र उद्यां दुसऱ्या कोणाचें अन्न राखणार होतें तेंही बोथट होऊन जातें. फॉस्फीनची मारकता ही कोणा एका व्यापाऱ्याची मालमत्ता नव्हे. ती नदीच्या पाण्याप्रमाणें सर्वांची आहे. जो आळसानें किंवा लोभानें ती वायां घालवितो, तो शेजाऱ्याच्या आणि नातवाच्या कोठारावर दरोडा घालतो. रोग्यानें ताप उतरतांच औषध सोडून द्यावें आणि जंतूंस बळ द्यावें, तसाच हा प्रकार आहे. पिंपरीस १९५४ सालीं प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना निघाला तेव्हां पेनिसिलीन हें अमोघ वाटत होतें; तें अमोघ राहिलें नाहीं याचें एक कारण आपली हीच अर्धवट वृत्ति होय.

येथें अहिंसावादी म्हणेल, "मग मारूंच नये, म्हणजे पूर्णापूर्णाचा प्रश्नच उरला नाहीं." या आक्षेपांत उदात्तता आहे, परंतु त्यांत हिशेब अपुरा आहे. जें धान्य किड्यानें खाल्लें तें पुन्हां पिकवावें लागतें, आणि त्यासाठीं जी जमीन नांगरावी लागते तींतही असंख्य जीव असतात. शिवाय जी भाकरी कमी पडते ती बहुधा आक्षेप घेणाराच्या ताटांतील नसते. उलट पक्षीं, "परिणामाकडे पाहा, साधनाचा विधिनिषेध नको" असें म्हणणारासही थांबवून विचारलें पाहिजे कीं, परिणाम कोणास भोगावा लागतो? फॉस्फीन हवेहून किंचित् जड आहे. तो दाराखालून, भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलींत जातो, आणि झोंपलेल्या मुलास तो किड्याहून वेगळें ओळखीत नाहीं. म्हणूनच या गोळ्यांचा उपयोग सरकारी संस्था आणि परवानाधारक जाणते यांच्यापुरता मर्यादित करण्यांत आला, आणि दहा-वीस गोळ्यांच्या लहान नळ्यांची विक्री २००१ सालीं बंद करण्यांत आली. तरीही हडपसरसारख्या भिंतीस भिंत लागलेल्या वस्तींत कोणी ओळखीच्या दुकानदाराकडून चार गोळ्या आणून गव्हाच्या पिंपांत टाकीत असेल, तर तो आपल्या पोळीची किंमत शेजाऱ्याच्या जिवानें देण्यास निघाला आहे असें म्हटलें पाहिजे. त्याचप्रमाणें थप्पीवर गोळ्या ठेवणाऱ्या मजुरास तोंडावरील योग्य आवरण न देणारा मालक किड्यांचा नव्हे, मनुष्याचा हिशेब चुकवीत असतो.

आणखी एका अर्धवटपणाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कारण तो वखारींत नव्हे, तर आपल्याच स्वयंपाकघरांत घडतो. सून विचारते, "सासूबाई, या तांदळांचें काय करूं? फारच किडलेत." आणि सासूबाई सहज म्हणतात, "कामाच्या बाईला देऊन टाक गं, त्यांना चालतात." या दोन वाक्यांत एक संपूर्ण नीतिशास्त्र सामावलेलें आहे. धान्य टाकूं नये, ही वृत्ति चांगली. देऊं केलें, हीही वरवर चांगली. परंतु किडलेल्या धान्यांत किड्यांची विष्ठा, कात आणि यूरिक आम्ल मिसळलेलें असतें. खाद्यधान्यांत किलोमागें १०० मिलिग्रॅमहून अधिक यूरिक आम्ल असूं नये असा कायद्याचा दंडक आहे. तो दंडक ठरवितांना खाणारा कोणत्या घरचा, हें कोणी विचारलें नव्हतें. जें आपल्या मुलाच्या ताटांत वाढण्यास आपण धजत नाहीं, तें दान म्हणून देणें म्हणजे आपल्या उपेक्षेचें फळ दुसऱ्याच्या पदरांत टाकून वर पुण्याची अपेक्षा करणें होय.

मग उत्तम मार्ग कोणता? शास्त्र आणि नीति यांचें येथें सुदैवानें एकमत होतें. सर्वांत श्रेष्ठ राखण म्हणजे किडा मारणें नव्हे, तर त्याला जन्मूं न देणें. दाण्यांतील ओलावा बारा टक्क्यांच्या आंत आला कीं बहुतेक किडींची वाढ मंदावते, आणि नऊ टक्क्यांखालीं सोंडकिड्याची प्रजा वाढूं शकत नाहीं. खापरा तेवढा याला अपवाद. कडक उन्हांत तापलेल्या पातळ थरांत उष्णता पन्नास-साठ अंशांवर गेली तर दाण्यांतील अळीही मरते. म्हणजे उन्हाळ्यांतील ती गच्ची, दांतांखालीं कटकन् फुटणारा दाणा, उकळलेलें पोतें, झाडून पुसून वाळविलेला डबा, आणि हवा न शिरणारें झांकण: एवढ्यांत त्या विद्येचें सार आलें. यांत नवें-जुनें असा वाद नाहीं. १९८०-९० च्या सुमारास कॅमेरून देशांत चवळी राखण्यासाठीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनीं तीन पदरी हवाबंद पिशवीची युक्ति सिद्ध केली. तींत किडा आपल्याच श्वासानें प्राणवायु संपवितो आणि वाढ खुंटून मरतो. हें आपल्या पेंवाचेंच तत्त्व आहे. फक्त त्यांत मनुष्यास उतरावें लागत नाहीं. आणि इतकें करूनही जेथें लक्षावधि पोत्यांची थप्पी आहे, तेथें विष वापरावें लागेलच. तें जाणत्यानें, क्वचित्, पण पुरतें वापरावें.

या मार्गांत कीर्ति नाहीं, हीच त्याची अडचण आहे. मेलेले किडे दिसतात, न जन्मलेले दिसत नाहींत. गोळी टाकणारास पराक्रम केल्यासारखें वाटतें. दाणा दांतांखालीं फोडून पाहणाऱ्या आजीचा पराक्रम कोणाच्या लेखीं नसतो. परंतु नीतीच्या प्रांतांत बहुतेक मोठीं कामें याच जातीचीं असतात. जेथें आधींची काळजी कमी पडते, तेथें मागाहून क्रूरता अधिक लागते. आणि जेथें ती क्रूरताही आळसानें केली जाते, तेथें पुढच्या पिढीस दोहोंचें ऋण फेडावें लागतें. वर्षाचे गहू भरतांना हा विचार ज्या घरांत होईल, त्या घरच्या कोठींत जीव कमी मरतील आणि अन्न अधिक राहील.